निर्माता म्हणजे शेठ नव्हे: डेव्हिड पटनमने नक्की केलं काय?

प्रश्न असा आलाय: "मी मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रेझेंटेशनला ब्रिटिश निर्माता डेव्हिड पटनम हा विषय मिळालाय. पिक्चरची यादी मिळाली, ऑस्करची यादी मिळाली. पण दिग्दर्शन दुसऱ्याचं, लेखन दुसऱ्याचं, पैसे पण दुसऱ्याचेच. मग ह्या माणसाने नक्की केलं काय?"

वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी बावीस वर्षं प्रोडक्शनमध्ये आहे, प्रोडक्शन बॉय म्हणून लागलो, मग मॅनेजर, मग लाईन प्रोड्युसर, आता कार्डावर कार्यकारी निर्माता लिहितो, आणि एवढं करून माझ्या आईला अजून वाटतं की मी शूटिंगला चहा वाटतो. (काही दिवस ते खरंही असतं.) त्यामुळे तुझा प्रश्न मला घरातूनच रोज विचारला जातो असं समज.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे टायटलला "निर्माता" म्हणून ज्याचं नाव मोठ्या अक्षरात येतं तो बहुतेक वेळा शेठ असतो. मुहूर्ताला नारळ फोडतो, सेटवर दोनदा येतो, हिरोसोबत फोटो काढतो आणि ट्रायल शोला "गाणं थोडं अजून हवं होतं" म्हणतो. प्रत्यक्ष सगळं ओढणारा माणूस खाली बारीक अक्षरात "कार्यकारी निर्माता". इंग्लंड-अमेरिकेत साधारण उलटं आहे. तिथे पैसेवाल्यांना, नाव जोडायला दिलेल्यांना एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर म्हणतात आणि जो गोष्ट शोधतो, हक्क घेतो, लेखक बसवतो, दिग्दर्शक ठरवतो, पैसे उभे करतो, शूट पार पाडतो आणि रिलीजपर्यंत पिक्चरच्या मागे उभा राहतो तो प्रोड्युसर. बेस्ट पिक्चरचं ऑस्कर घ्यायला स्टेजवर हाच जातो, दिग्दर्शक नाही. पटनम हा ह्या अर्थाचा निर्माता, आणि माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत हे काम म्हणजे काय ते त्याच्याइतकं स्वच्छ फार कमी लोकांच्या करिअरमधून दिसतं. चांगलं पण आणि वाईट पण.

जन्म २५ फेब्रुवारी १९४१, उत्तर लंडनमधलं साउथगेट. वडील लेन पटनम न्यूज फोटोग्राफर, असोसिएटेड प्रेससाठी युद्धात फोटो काढलेले. शाळेत हा काही चमकला वगैरे नाही, सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि जाहिरात कंपनीत निरोप्या म्हणून लागला, इकडचा कागद तिकडे नेऊन द्यायचा. तिथून सरकत सरकत कॉलेट डिकन्सन पिअर्स ह्या एजन्सीत पोचला. साठच्या दशकातल्या लंडनमध्ये ही एजन्सी म्हणजे काय होती तर पुढे दिग्दर्शक झालेला अ‍ॅलन पार्कर तिथे कॉपीरायटर, पुढे जाहिरातीत मोठं नाव झालेला चार्ल्स साची तिथे, आणि हा क्लायंट सांभाळणारा अकाउंट एक्झिक्युटिव्ह. म्हणजे लिहिणारा नाही, चित्र काढणारा नाही, मधला माणूस.

नंतर ती नोकरी सोडून हा फोटोग्राफर लोकांचा एजंट झाला. डेव्हिड बेली, ब्रायन डफी, त्या काळातली लंडनमधली सगळ्यात महागडी नावं. आता एजंट काय करतो बघ. फोटो दुसरा काढतो, मासिक दुसरं छापतो, पण हे काम ह्याला द्यायचं की त्याला, किती पैशात, आणि चिडलेल्या फोटोग्राफरला परत कामावर कसं आणायचं हे एजंट ठरवतो. कुठल्याही फिल्म स्कूलपेक्षा निर्मात्याचं हे चांगलं ट्रेनिंग आहे असं माझं स्पष्ट मत. तुझ्या प्रेझेंटेशनची पहिली स्लाईड ऑस्करची नको, हीच ठेव.

पहिला पिक्चर मेलडी, १९७१. बी जीज ह्या पॉप बँडची गाणी वापरायचे हक्क पटनमने आधी मिळवले आणि पार्करला म्हणाला की ह्या गाण्यांभोवती गोष्ट लिही. पार्करने तोवर पटकथा लिहिलेली नव्हती. शाळेतली दोन मुलं प्रेमात पडतात आणि आम्हाला आत्ताच लग्न करायचंय म्हणतात अशी साधी गोष्ट, दिग्दर्शक वारिस हुसेन, जो लखनौला जन्मलेला. इंग्लंड-अमेरिकेत पडला, आणि जपानमध्ये मात्र तुफान चालला, तिकडे तो अजून लोकांच्या आठवणीत आहे. कुठला पिक्चर कुठे उगवेल हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही हे पहिल्याच फटक्यात कळलं असणार त्याला.

१९७३ चा दॅट विल बी द डे घे. पन्नासच्या दशकातल्या इंग्लंडमधला एक पोरगा, डेव्हिड एसेक्स आणि सोबत चक्क बीटल्सचा रिंगो स्टार. पैसे कमी पडत होते तर हा टीव्हीवर जाहिरात करून रेकॉर्डी विकणाऱ्या रॉन्को कंपनीकडे गेला आणि पैसे घेतले, बदल्यात पिक्चरमध्ये जुनी रॉक अँड रोल गाणी भरभरून वाजवायची आणि त्याचा अल्बम ते विकणार. पडद्यावर बघशील तर जिथे तिथे रेडिओ चालू आहे, जत्रेत गाणं चालू आहे. काळही उभा राहतो आणि हिशोबही बसतो. पैसे कुठून आले हे प्रेक्षकाला पडद्यावर खुपलं नाही पाहिजे, ते गोष्टीचाच भाग वाटलं पाहिजे, हे जमणं फार कठीण असतं. आम्ही एका पिक्चरमध्ये पेंटवाल्याकडून पैसे घेतले होते आणि भावनिक सीनमध्ये हिरोच्या मागे भिंतीवर भला मोठा डबा रंगवलेला, थेटरात लोक हसले. असो.

मग बग्सी मलोन, १९७६. पार्कर लांबच्या प्रवासात गाडीत मागे बसलेल्या स्वतःच्या पोरांना एक गँगस्टरची गोष्ट रचून सांगायचा, तीच पुढे पिक्चर झाली, सगळे गुंड लहान मुलं, गाड्या पायडलवर चालणाऱ्या आणि बंदुकीतून गोळीऐवजी क्रीमचा गोळा. जोडी फॉस्टर त्यात आहे. कागदावर ही आयडिया कुठल्याही शेठला ऐकव, तो दार दाखवेल. लहान मुलं सेटवर म्हणजे कामाच्या तासांचे नियम, पालक, झोप, रडारड, आणि इथे तर एकही मोठा माणूस नाही. पटनमने ते उभं केलं. पार्करचा थेटरातला पहिला पिक्चर.

१९७७ मध्ये द ड्युएलिस्ट्स. दिग्दर्शक चाळिशीला टेकलेला एक जाहिरातवाला, नाव रिडली स्कॉट, आयुष्यातला पहिला पिक्चर. नेपोलियनच्या काळातले दोन सैनिक वर्षानुवर्षं एकमेकांशी द्वंद्व खेळतायत, फ्रान्समध्ये शूट, पैसे बेताचे आणि पडद्यावर मात्र एकेक फ्रेम तैलचित्र. फ्रान्समधल्या कान महोत्सवात पदार्पणाचं बक्षीस मिळालं. पुढच्याच पिक्चरमध्ये स्कॉट एलियन करून मोकळा झाला.

आता ह्यातलं सूत्र बघ, कारण इथेच तुझ्या "केलं काय" ह्याचं अर्धं उत्तर आहे. पार्कर, स्कॉट, पुढे फॉक्सेस करणारा एड्रियन लाईन, ह्यू हडसन, हे सगळे जाहिरातीतून आलेले आणि पहिला पिक्चर पटनमकडे. जाहिरातवाला तीस सेकंदांसाठी दिवसभर लाईट लावतो, त्याला कॅमेरा कळतो, घड्याळ कळतं, क्लायंट कळतो. फक्त कुणी दोन तास दिलेले नसतात. नवीन असल्यामुळे स्वस्त. आणि खरं सांगायचं तर नवीन दिग्दर्शक निर्मात्याचं ऐकतो. काही लोक म्हणतात पटनमला पिक्चरवर स्वतःचा ठसा हवा असायचा म्हणून तो नवीन पोरं घ्यायचा, आणि मला त्यात तथ्य वाटतं, पण म्हणून ती पोरं निवडण्याची नजर खोटी ठरत नाही. चारही नावं पुढे काय झाली ते तुझ्या समोर आहे.

मिडनाइट एक्सप्रेस (१९७८) परत पार्करबरोबर, पटकथा ऑलिव्हर स्टोन, तुर्कस्तानच्या तुरुंगात अडकलेला अमेरिकन पोरगा, शूट माल्टात. जोरात चालला, पटकथेला आणि संगीताला ऑस्कर. पण त्यात एक हिंसक सीन आहे, नायक दुसऱ्या कैद्याची जीभ दातांनी तोडतो, आणि थेटरात लोक तिथे टाळ्या-शिट्ट्या मारायला लागले. पटनमची अपेक्षा होती की लोक शहारतील. हे त्याला लागलं, पुढे त्याने ते बोलूनही दाखवलंय. आणि मग त्याला अशी गोष्ट हवी होती ज्यात माणूस स्वतःच्या तत्त्वासाठी काहीतरी नाकारतो.

ती गोष्ट म्हणजे चॅरियट्स ऑफ फायर, आणि ती सापडली कशी ते ऐक. लॉस एंजेलिसला भाड्याचं घर, फ्लूने अंथरुणाला खिळलेला, आणि घरात वाचायला हाताशी काय तर ऑलिम्पिकच्या इतिहासाचं एक पुस्तक. त्यात १९२४ चं पॅरिस ऑलिम्पिक आणि एरिक लिडेल नावाचा स्कॉटिश धावपटू, धर्माने कट्टर, रविवारी पळणार नाही म्हणून १०० मीटरमधून बाहेर राहिलेला. ती शर्यत जिंकली हॅरॉल्ड अब्राहम्सने, जो ज्यू होता आणि केंब्रिजच्या त्या उच्चभ्रू वातावरणात स्वतःला सिद्ध करायला पळत होता. लिडेलने मग ४०० मीटर पळून सोनं घेतलं, ४७.६ सेकंद, विश्वविक्रम. आपण फ्लूमध्ये क्रोसिन घेऊन मोबाईल बघतो.

पण गोष्ट सापडणं म्हणजे पिक्चर नव्हे. पटनमने कॉलिन वेलंड ह्या लेखकाला कामाला लावलं. वेलंडने लंडनच्या पेपरात जाहिराती दिल्या की १९२४ च्या ऑलिम्पिकच्या आठवणी कुणाकडे आहेत का. त्यातून ऑब्रे माँटेग्यू ह्या धावपटूच्या मुलाने वडिलांनी तेव्हा घरी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती पाठवल्या. पिक्चरमध्ये पत्र वाचल्यासारखं निवेदन आहे ना, ते तिथून. अब्राहम्स जानेवारी १९७८ मध्ये वारला, वेलंड त्याच्या स्मरणसभेला गेला आणि पिक्चरची सुरुवात-शेवट तिथे सापडली. पेपरातल्या दोन ओळींची जाहिरात, खर्च किती आणि मिळालं काय! ह्याला मी प्रोडक्शन म्हणतो.

दिग्दर्शक ह्यू हडसन, परत पहिला पिक्चर. हिरो दोन, बेन क्रॉस आणि इयन चार्लसन, तेव्हा दोघांच्या नावावर कुणी तिकीट काढलं नसतं. पैसे एका बाजूने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि दुसऱ्या बाजूने अलाइड स्टार्स, म्हणजे इजिप्शियन फायेद कुटुंबाची कंपनी, डोडी फायेद एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर. पटकथेच्या टप्प्यावरचे बियाण्याचे पैसे गोल्डक्रेस्ट ह्या ब्रिटिश फिल्म कंपनीच्या जेक एबर्ट्सने दिले. गोल्डक्रेस्ट हे नाव लक्षात ठेव, परत येणार आहे.

आणि आता माझ्या आवडीचा भाग, लोकेशन. समुद्रकिनाऱ्यावर पळण्याचा जो सीन जगाला माहिती आहे तो गोष्टीत इंग्लंडच्या केंट भागातला, शूट झालाय स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला, वेस्ट सँड्स किनाऱ्यावर. केंब्रिजच्या कॉलेजने परवानगी नाकारली, मग अंगणाभोवती पळण्याची ती प्रसिद्ध शर्यत ईटन शाळेत घेतली. पॅरिसचं ऑलिम्पिक स्टेडियम म्हणून जे दिसतं ते लिव्हरपूलजवळचं बेबिंग्टनचं मैदान, आणि पॅरिसमधली ब्रिटिश वकिलात म्हणजे लिव्हरपूलचा टाऊन हॉल. पॅरिसला न जाता पॅरिस ऑलिम्पिक! माझ्या एका पिक्चरला वाईजवळच्या वाड्याच्या मालकांनी शूटच्या आदल्या संध्याकाळी नाही म्हटलं होतं, जनरेटर येऊन उभा, साठ माणसांचं जेवण सांगितलेलं, आणि मी रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन शेजारच्या गावात दुसरा वाडा शोधत फिरतोय. सकाळी सात वाजता शॉट लागला, आणि दिग्दर्शक म्हणाला हा वाडा जास्त बरा आहे. म्हणून केंब्रिजने नाही म्हटल्यावर त्या प्रोडक्शन मॅनेजरच्या पोटात काय झालं असेल ते मला बरोबर माहितीये.

संगीत वँगेलिसचं. १९२४ ची गोष्ट आणि संगीत इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरवर. आज ऐकून ऐकून सवय झालीये, जिममध्ये पण वाजतं, पण तेव्हा निर्मात्याने "अरे काळाशी जुळत नाही, व्हायोलिन लावा" म्हटलं असतं तर कुणीही त्याला चूक म्हटलं नसतं. नाही म्हणायचा अधिकार असताना न म्हणणं, हेही काम आहे निर्मात्याचं.

इतिहास मात्र जरा वाकवलाय, प्रेझेंटेशनला कुणीतरी विचारेल म्हणून सांगतो. पिक्चरमध्ये लिडेलला बोटीत चढताना कळतं की १०० मीटरची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, रविवारी आहे. खरं तर त्याला ते काही महिने आधीच माहिती होतं आणि त्याने ४०० ची तयारी रीतसर केली होती. आणि अंगणाची ती शर्यत अब्राहम्स कधी पळलाच नव्हता, ते करून दाखवलं लॉर्ड बर्ली ह्या दुसऱ्याच धावपटूने, १९२७ मध्ये.

मार्च १९८२ च्या ऑस्करला सात नामांकनं आणि चार बक्षिसं: पिक्चर, पटकथा, संगीत, वेशभूषा. समोर स्पीलबर्गचा रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क आणि वॉरन बीटीचा रेड्स होता. दिग्दर्शनाचं बीटीला गेलं, पिक्चरचं पटनमला. वेलंड स्टेजवर ओरडला की ब्रिटिश येतायत, आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी रिचर्ड अ‍ॅटनबरोच्या गांधीने आठ ऑस्कर नेली. त्यात पटनमचा हात नाही, पण पैशामागे तीच गोल्डक्रेस्ट होती. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया ह्यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं ते ह्याच पिक्चरसाठी, आणि कस्तुरबा आपल्या रोहिणी हट्टंगडी.

१९८३ लोकल हीरो, स्कॉटलंडचा बिल फोरसाइथ दिग्दर्शक. तेल कंपनी अख्खं गाव विकत घ्यायला माणूस पाठवते आणि गावकरी विरोध करायच्या ऐवजी भाव वाढवत बसतात. कोकणातल्या माणसाने तर बघितलाच पाहिजे. गाव एका किनाऱ्यावरचं पेनन, आणि त्याच गावचा म्हणून दाखवलेला समुद्रकिनारा थेट पलीकडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. तिथला लाल टेलिफोन बूथ बघायला लोक अजून जातात, पिक्चरमधला बूथ प्रॉप होता, उचलून नेला, तरी जातात.

द किलिंग फिल्ड्स (१९८४) हा माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा पिक्चर, चॅरियट्सपेक्षा. न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात १९८० ला सिडनी शानबर्ग ह्या पत्रकाराचा लेख आला, कंबोडियात मागे राहिलेल्या त्याच्या सहकाऱ्यावर, डिथ प्रानवर. पटनमने हक्क घेतले. पटकथेला ब्रूस रॉबिन्सन, ज्याची तोवर एकही पटकथा पडद्यावर आलेली नव्हती. दिग्दर्शक रोलंड जॉफे, टीव्हीवाला, पहिला पिक्चर. कॅमेरामन ख्रिस मेंजेस, जो डॉक्युमेंटरीसाठी खऱ्या युद्धात फिरलेला. आणि प्रानच्या भूमिकेत हाइंग न्गोर, पेशाने डॉक्टर, ख्मेर रूज ह्या कंबोडियातल्या क्रूर राजवटीच्या छळातून स्वतः जिवंत सुटलेला, आयुष्यात कधी अभिनय न केलेला. हे टेबलावर मांड. एवढं खर्चाचं पिक्चर, थायलंडमध्ये शूट, आणि नवखा लेखक, नवखा दिग्दर्शक, नवखा नट. आमच्याकडे एक नवीन असला तर बाकी सगळे जुने घेतात, तोल सांभाळायला. न्गोरला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, छायाचित्रण आणि संकलनालाही मिळालं. त्याचा चेहरा बघ नुसता, विशेषतः शेताच्या चिखलातून चालताना. नुसत्या सरावाने तसा चेहरा येत नाही.

द मिशन (१९८६), परत जॉफे आणि मेंजेस, इग्वासूचा धबधबा, मोरिकोनेचं संगीत, कोलंबियातले वौनाना आदिवासी भूमिकांमध्ये. कान महोत्सवात पाल्म द'ऑर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. पण पैसे वसूल होण्याच्या दृष्टीने अवघड. आणि त्याच सुमाराला गोल्डक्रेस्टची गाडी घसरली, एकाच वेळी तीन महाग पिक्चर अंगावर घेतले होते, त्यातला रिव्होल्युशन सगळ्यात वाईट पडला. रिव्होल्युशनचा दिग्दर्शक कोण तर ह्यू हडसन. तोच. पटनम नव्हता बरोबर ह्या वेळी.

आणि आता कोलंबिया. इथे जरा थांब, कारण ह्यातूनच त्याचं काम कळतं.

१९८२ मध्ये कोका-कोलाने कोलंबिया पिक्चर्स स्टुडिओ विकत घेतला होता. १९८६ ला त्यांनी पटनमला त्याचा प्रमुख केलं. लंडनचा निरोप्या पोरगा हॉलिवूडच्या स्टुडिओच्या खुर्चीत. आणि साधारण वर्षभरात, सप्टेंबर १९८७ ला, बाहेर. झालं काय तर तो तिकडे जाऊन तेच बोलायला लागला जे लंडनमध्ये बसून बोलायचा. स्टारचे पैसे फार आहेत, पिक्चर उगाच महाग होतात, एजंट लोक हिरो, दिग्दर्शक, लेखक असं पॅकेज बांधून आणतात ते आम्ही घेणार नाही. शंभर टक्के खरं. पण तू ज्या गावात दुकान टाकलंयस त्याच गावच्या गिऱ्हाइकाला चारचौघात लुच्चा म्हणून कसं चालेल? एका जेवणाच्या कार्यक्रमात घोस्टबस्टर्सचा हिरो बिल मरे ह्याचं नाव घेऊन म्हणाला की हा इंडस्ट्रीकडून घेतो आणि परत काही देत नाही, असं पेपरात आलं. घोस्टबस्टर्स म्हणजे कोलंबियाची दुभती म्हैस, आणि तिच्या शिंगालाच हात घातला. त्याचा दुसरा भाग आला तो १९८९ ला, हा गेल्यावर. इश्तार हा बीटी आणि डस्टिन हॉफमनचा अतिमहाग पिक्चर ह्याच्या आधीच्या लोकांनी घेतलेला, पण पडला ह्याच्या काळात. बीटीशी रेड्सपासूनचं, हॉफमनशी अगाथा ह्या पिक्चरपासूनचं, दोघांशी आधीच वाकडं, त्यामुळे हा लांब राहिला आणि ते दोघं म्हणाले आमचा पिक्चर वाऱ्यावर सोडला. रे स्टार्कसारख्या, कोलंबियाशी जुनं नातं असलेल्या मातब्बर निर्मात्याशी पण बिनसलं. त्याच काळातला लिओनार्ड पार्ट सिक्स एवढा वाईट होता की त्याचा हिरो बिल कॉस्बी स्वतः टीव्हीवर म्हणाला बघू नका.

लोक म्हणतात हॉलिवूडने चांगल्या माणसाला हाकललं. मला ते अर्धंच पटतं. त्याच काळात कोलंबियाने हातात घेतलेलं बघ: स्पाइक लीचा स्कूल डेझ, युगोस्लाव्हियाच्या कुस्तुरिकाचा टाइम ऑफ द जिप्सीज, अमेरिकेत वितरणासाठी द लास्ट एम्परर, जो जेरेमी थॉमस ह्या दुसऱ्या ब्रिटिश निर्मात्याने बाहेरून पैसे उभे करून बनवला होता आणि १९८८ ला नऊ ऑस्कर घेऊन गेला. म्हणजे नजर शाबूत होती. पण स्टुडिओ चालवणं हे निर्मात्याचं कामच नाही. निर्माता एका वेळी एक पोर वाढवतो, स्टुडिओचा प्रमुख वसतिगृह चालवतो, त्याला वीस पिक्चर, शंभर अहंकार आणि वर कोल्ड्रिंक विकणारा मालक सांभाळायचा असतो. पैसे कमी असताना पटनमला माणसं बरोबर सापडायची. पैसे हातात आल्यावर त्याच्यासमोर माणसं दुसऱ्यांनी आधीच निवडलेली होती, आणि त्याला ती आवडली नाहीत. ते त्याने तोंडावर सांगितलं. मी दोनदा असा आगाऊपणा केलाय, छोट्या प्रमाणावर, आणि दोन्ही वेळा पुढचं काम गेलं.

परत आल्यावर मेम्फिस बेल (१९९०) ठीक, मीटिंग व्हीनस ठीक, फोरसाइथबरोबरचा बीइंग ह्युमन (१९९४) रॉबिन विल्यम्स असूनही साफ झोपला. शेवटचा माय लाइफ सो फार १९९९, दिग्दर्शक हडसन. मग त्याने सिनेमाचं दुकान बंदच केलं.

पुढचा भाग लोक गाळतात, तू गाळू नकोस, पण लांबवूही नकोस. १९९५ ला 'सर' हा किताब मिळाला, १९९७ ला लेबर पक्षाकडून हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात. २००३ च्या कम्युनिकेशन्स कायद्यात मीडियाची मालकी एकाच हातात जात असेल तर जनहित तपासलं पाहिजे ही तरतूद त्याच्या आग्रहाने आली, आणि २०१० ला पेपर-टीव्हीचा सम्राट मर्डोक ह्याच्या कंपनीने बीस्कायबी ही टीव्ही कंपनी पूर्ण घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा सरकारने ती वापरली. शाळा सोडलेला हा माणूस २००७ ते २०१४ ओपन युनिव्हर्सिटीचा चॅन्सेलर होता. आयर्लंडच्या वेस्ट कॉर्कमध्ये स्किबरीनला राहायला गेला आणि तिथून इंटरनेटवर जगभरातल्या विद्यार्थ्यांना सिनेमा शिकवायचा. २०२१ ला लॉर्ड्समधून निवृत्ती घेतली.

प्रेझेंटेशनला क्लिप दाखवणार असशील तर किनाऱ्यावरचा सीन नको, तो सगळ्यांनी पाहिलाय. स्टेडियमची दाखव, ४०० मीटरची, लिडेल मान मागे टाकून पळतो ती. आधी वर्गाला विचार हे कुठे शूट झालं असेल. पॅरिस म्हणतील. मग बेबिंग्टन सांग, तुझ्या सरांचा पण विश्वास बसणार नाही. आणि शेवटचं म्हणजे पटनमचं नाव पटनम असंच म्हण, पुटनम म्हणू नकोस, ती चूक मी एका मुलाखतीत केली होती आणि समोरच्या बाईंनी दोनदा दुरुस्त केलं.